डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा रक्ताचा कर्करोग : विदर्भातील खेड्यातून उपचार कसे पार पाडावेत

डायलिसिसवर असलेल्या माणसाला रक्ताचा कर्करोग निघाला, की घरच्यांच्या कानावर पहिले वाक्य बहुधा असे पडते : "किडनीच गेली आहे, आता केमो कुठे सोसणार?" मी विदर्भातील एका तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्रात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम करते आणि या एका वाक्यापायी उपचार न घेता परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. हे वाक्य चुकीचे आहे. डायलिसिस चालू असताना रक्ताच्या बहुतेक कर्करोगांवर उपचार करता येतात, आणि मल्टिपल मायलोमासारख्या आजारात तर कर्करोगाचा उपचार वेळेवर सुरू झाल्यास काही रुग्णांचे डायलिसिसही सुटते. मात्र या उपचारात दोन विभाग असतात, किडनीचा आणि कर्करोगाचा. आपल्याकडे ते बहुधा दोन वेगळ्या गावांत असतात आणि एकमेकांशी क्वचितच बोलतात. त्यांना जोडण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते, आणि ते कसे करावे हे पुढे क्रमाने लिहिले आहे. औषध कोणते आणि किती द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय सांगायचे आणि काय विचारायचे, ते इथे आहे.

पहिली पायरी : किडनी कशाने गेली, हे विचारा

आमच्याकडे आलेले एक काका कापसाचे शेतकरी होते. पऱ्हाटीच्या वेच्याच्या दिवसांत त्यांची पाठ धरली. गाठोडे उचलल्याने झाले असेल म्हणून त्यांनी दोन महिने दुखण्याच्या गोळ्या आणि अधूनमधून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतले. पुढे भूक गेली, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते हे दाखवणारा रक्तातला आकडा, नऊच्या वर निघाले. त्यांना मशीनवर घेतले गेले, आणि गोळ्यांनी किडनी गेली असे सगळ्यांनी गृहीत धरले. त्यांचे हिमोग्लोबिन सहा होते. ते किडनीच्या आजाराचेच म्हणून सोडून दिले गेले. पाठीचे दुखणे मात्र गोळ्या बंद झाल्यावरही थांबले नव्हते, आणि मणक्याच्या एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला होता. तिथून पुढे मल्टिपल मायलोमा सापडला.

मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. या पेशी लाइट चेन नावाचे प्रथिन भरमसाट तयार करतात. ते किडनीच्या बारीक नळ्यांत जाऊन तिथल्या प्रथिनाशी चिकटते, त्याचे साचे बनतात आणि नळ्या तुंबतात. दुखण्याच्या गोळ्या, अंगातील पाणी कमी होणे आणि रक्तातील वाढलेले कॅल्शियम यांनी हे तुंबणे आणखी लवकर होते. काकांच्या बाबतीत गोळ्या निमित्त झाल्या. मूळ आजार दुसराच होता.

आपल्या भागात हे निदान चुकण्याची आणखी कारणे आहेत. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किडनी गेली की खारे पाणी असे लोक म्हणतात, आणि गडचिरोली, गोंदियाकडे रक्त कमी झाले की आधी सिकलसेल आठवतो. दोन्ही गोष्टींचा विचार व्हायलाच हवा, पण विचार तिथेच थांबता कामा नये. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाची किडनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बसली असेल, सोबत हाडे दुखत असतील, रक्त फार कमी असेल किंवा कॅल्शियम वाढलेले असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावे : "मायलोमाची तपासणी झाली आहे का?" किडनीच्या रुग्णात कॅल्शियम सहसा कमी असते, ते वाढलेले दिसले तर ती मोठी खूण समजावी.

लघवीच्या पट्टीवर विसंबू नये. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते, लाइट चेन ओळखत नाही. त्यामुळे पट्टीवर प्रथिन किंचित आणि चोवीस तासांच्या लघवीत भरपूर, असा फरक दिसला तर संशय घ्यावा. यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि सीरम फ्री लाइट चेन या रक्ताच्या तपासण्या लागतात. नमुना तालुक्याहून नागपूरला पाठवता येतो. अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किडनी बंद असताना कप्पा आणि लॅम्ब्डा या दोन्ही लाइट चेन थोड्या वाढलेल्याच असतात, म्हणून त्यांच्या गुणोत्तराची मर्यादा अशा रुग्णासाठी ०.३७ ते ३.१ अशी धरतात. त्यानंतर अस्थिमज्जेची, म्हणजे बोन मॅरोची, तपासणी होते. ती कमरेच्या मागच्या हाडातून जागा बधिर करून करतात आणि ती डायलिसिसच्या रुग्णातही करता येते. फक्त शक्यतो डायलिसिसनंतर लगेच नको, कारण डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा असर काही तास राहतो.

ल्युकेमिया (रक्तपेशींचा कर्करोग) किंवा लिम्फोमात (लसिका गाठींचा कर्करोग) चित्र वेगळे असते : पांढऱ्या पेशी फार वाढणे वा घटणे, प्लेटलेट कमी होणे, गाठी येणे, हिरड्यांतून रक्त येणे, न उतरणारा ताप. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त नेमाने तपासले जात असते, त्यामुळे हे लवकर कळू शकते. अट एवढीच की अहवालातील हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळीही कोणीतरी वाचल्या पाहिजेत.

दुसरी पायरी : एक वही, एक पाकीट

दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे : आजाराचे नाव, निदानाची तारीख, डायलिसिसचे वार आणि वेळ, ड्राय वेट (जास्तीचे पाणी काढल्यावरचे वजन), फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) कोणत्या हातात आहे की मानेत पर्मकॅथ (डायलिसिसची नळी) आहे, रक्तगट, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे निकाल, कोणत्या औषधाचे वावडे आहे, आणि दोन्ही डॉक्टरांच्या विभागांचे फोन. पुढच्या पानांवर प्रत्येक डायलिसिसआधी आणि नंतरचे वजन, रक्तदाब, दिलेली केमो आणि तिची वेळ लिहावी. कर्करोगाच्या डॉक्टरांनी काही बदल केला की तो त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्यावा आणि पुढच्या डायलिसिसला ती वही टेक्निशियनच्या हातात द्यावी. एका रुग्णाची प्लेटलेट अठरा हजारांवर आली आहे हे आम्हाला कोणी कळवले नव्हते. त्याला नेहमीप्रमाणे हेपॅरिन दिले गेले आणि सुया काढल्यावर फिस्टुलातून रक्त थांबायला तास लागला. ती चूक आमच्या पदरात पडली आणि तेव्हापासून वहीविना मी कोणाला मशीनवर घेत नाही.

अस्थिमज्जेच्या काचपट्ट्या, बायोप्सीचे ठोकळे, सीडी आणि मूळ अहवाल पाकिटात जपावेत. दुसऱ्या दवाखान्यात ते पुन्हा मागतात आणि नसले तर सुईही पुन्हा टोचावी लागते.

तिसरी पायरी : जागा आणि पैसा

विदर्भात विचारणा सुरू करण्यासाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले मेडिकल, मिहानमधील एम्स, तुकडोजी चौकातील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही ठिकाणे आहेत. कुठेही गेलात तरी तीन गोष्टी आधी विचाराव्यात : याच आवारात डायलिसिस होते का, रक्ताच्या कर्करोगाचे तज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या दिवशी असतात, आणि रात्री प्लेटलेट मिळते का. पहिला महिना बहुधा शहरातच काढावा लागतो. आजार आटोक्यात आल्यावर डायलिसिस गावाजवळ आणि इंजेक्शन शहरात अशी वाटणी करता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि केमोथेरपी दोन्ही बसतात. आता आयुष्मान भारतासह कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार यांतले नाव व जन्मतारीख जुळत नसेल तर मंजुरी अडते, म्हणून शिधापत्रिकेतली दुरुस्ती तहसीलमधून आणि आधारमधली आधार केंद्रातून निदानाच्या आठवड्यातच करून घ्यावी. दवाखान्यात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जाऊन "दोन्ही उपचार योजनेतून हवेत" असे स्पष्ट सांगावे. अडचण आल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अशा दुर्धर आजाराच्या रुग्णाला अर्ज करता येतो. एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना व किडनीच्या रुग्णांना सवलत असते. तिच्यासाठीचे प्रमाणपत्र दवाखान्यातून घ्यावे लागते.

चौथी पायरी : औषधे समजून घ्या

मायलोमात पहिल्या फळीचे औषध बहुधा बोर्टेझोमिब असते. ते पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात आणि किडनी बंद असली तरी त्याची मात्रा कमी करावी लागत नाही. याच कारणाने डायलिसिसच्या रुग्णात त्याला पहिली पसंती असते. सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असते. निदान झाल्यावर हा उपचार दिवसांत सुरू व्हावा, आठवड्यांत नव्हे, कारण नळ्या तुंबून राहिल्या की किडनी परत येण्याची शक्यता रोज कमी होत जाते. इथे घाई रास्त आहे. डाराटुमुमॅब या औषधाचीही मात्रा किडनीसाठी बदलत नाहीत. ते सुरू होण्याआधी रक्तपेढीला कळवून रुग्णाचा रक्तगट आणि अँटिबॉडीची तपासणी करून ठेवावी, नाहीतर पुढे रक्त जुळवताना फार गोंधळ होतो.

लेनालिडोमाइड मात्र किडनीवाटे बाहेर पडते. डायलिसिसच्या रुग्णात ते साधारण दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणतात आणि डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर देतात. पंचवीस मिलिग्रॅमची चिठ्ठी हातात पडली तर औषध न घेता परत विचारावे. हाडांसाठी दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड अशा रुग्णात टाळतात. त्याऐवजी डेनोसुमॅब सुचवले गेले तर कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक) पाहून, पुढेही पुन्हा पुन्हा रक्त तपासूनच ते घ्यावे.

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, इमॅटिनिबच्या गोळ्या मुख्यतः यकृतातून बाहेर पडतात, त्यामुळे डायलिसिसवरही डॉक्टर मात्रा सांभाळून त्या देतात. लिम्फोमातील रिटुक्सिमॅब, व्हिनक्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन यांनाही किडनीची अडचण फारशी नसते. सिस्प्लॅटिन टाळतात. सायक्लोफॉस्फामाइड डायलिसिसमध्ये निघून जाते, म्हणून ते नंतर देतात. सायटाराबिनची मोठी मात्रा किडनी बंद असताना मेंदूला इजा करते : तोल जातो, बोलणे अडखळते. आणि मेथोट्रेक्सेटबद्दल तर कोणतीही सूट नाही. आठवड्याला एकच गोळी, तीही सांधेदुखीसाठी, घेऊन तोंडभर फोड आणि पेशी शून्यावर गेलेले डायलिसिसचे रुग्ण पाहण्यात येतात. हे औषध घरात कोणाचेही असले तरी ते रुग्णाच्या डब्यापासून दूर ठेवावे.

तीव्र ल्युकेमिया किंवा वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात केमो सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशी एकदम फुटतात आणि पोटॅशियम, फॉस्फेट व युरिक अॅसिड झपाट्याने चढते. इतर रुग्णांना यासाठी भरपूर सलाइन देतात. आपल्या रुग्णाला ते देता येत नाही, म्हणून या दिवसांत रोज डायलिसिस लागू शकते. ही केमो तालुक्याला घेण्याचा आग्रह धरू नये. युरिक अॅसिड उतरवणारे रासब्युरिकेज देण्याआधी जीसिक्सपीडी या विकराची तपासणी करून घ्यावी. त्या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या लाल पेशी या औषधाने फुटतात.

पाचवी पायरी : आठवड्याची बांधणी

मूळ नियम एकच आहे : आधी डायलिसिस, मग औषध. सोमवार, बुधवार, शनिवार असे डायलिसिसचे वार असतील तर बोर्टेझोमिब बुधवारी डायलिसिस आटोपल्यावर किंवा गुरुवारी द्यावे. डायलिसिसने रक्तदाब उतरतो आणि या इंजेक्शननेही उतरू शकतो, म्हणून त्या दिवशीची रक्तदाबाची गोळी घ्यावी की नाही हे आधी विचारून ठेवावे. एसटीच्या भाड्यापायी आठवड्याला दोनच फेऱ्या करणारे रुग्ण आमच्याकडे पुष्कळ आहेत. केमोच्या काळात तिसरी फेरी चुकवू नये.

फिस्टुलाच्या हातातून रक्त काढणे, सलाइन लावणे, रक्तदाब मोजणे यांपैकी काहीही करू देऊ नये. दुसऱ्या हाताच्याही कोपराजवळच्या शिरा जपाव्यात आणि पीआयसीसी नावाची लांब नळी सुचवली तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारावे, कारण तिने पुढच्या फिस्टुलाची शीर खराब होते. प्लेटलेट पन्नास हजारांखाली असल्यास हेपॅरिनशिवाय, मधूनमधून सलाइनने नळ्या धुऊन डायलिसिस करता येते. रक्त चढवायचे असेल तर ते डायलिसिस चालू असतानाच चढवावे. जास्तीचे पाणी आणि पोटॅशियम तिथेच काढता येते. मज्जा प्रत्यारोपणाचा किंवा किडनी प्रत्यारोपणाचा विचार पुढे होणार असेल तर पांढऱ्या पेशी गाळलेलेच रक्त मागावे.

रक्त वाढवणारे एरिथ्रोपोइटिन आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत नागपूरहून पांढरकवड्यापर्यंत पिशवीत आणलेले औषध निकामी झालेले असू शकते. तोंड रुंद असलेला थर्मास घ्यावा, तळाशी बर्फ आणि त्यावर जाड कापड ठेवून मग औषध ठेवावे. औषध बर्फाला चिकटले तर गोठते आणि तेही वाया जाते.

ताप आणि दुखणे

घरात पारा मोजायला थर्मामीटर हवाच. डायलिसिसच्या रुग्णाचे अंग मुळात थोडे थंड असते, म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाण्याची वाट पाहू नये. थंडी वाजून आली, विशेषतः पर्मकॅथ असताना आणि मशीनवर असताना, तर तो रक्तातील जंतुसंसर्ग समजून त्याच तासात दवाखाना गाठावा. रात्र काढू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात "केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी असतील, आधी रक्ताचे कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करा" एवढे सांगायचे आणि वही पुढे करायची. नागीण येऊ नये म्हणून बोर्टेझोमिबसोबत असायक्लोव्हिर देतात. त्याची मात्रा किडनीप्रमाणे कमी केलेली असावी. नाहीतर रुग्ण बडबडू लागतो, नसलेली माणसे त्याला दिसू लागतात, आणि घरचे लोक बाहेरची बाधा समजून भलतीकडे नेतात. हिपॅटायटिस बी पूर्वी होऊन गेलेला असेल तर तो केमोने उलटू शकतो, म्हणून त्याची तपासणी उपचाराआधीच व्हावी.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, असेक्लोफेनॅक यांतले काहीही नको. लघवी थोडी होत असेल तर ती राखायची आहे. पॅरासिटामॉल चालते. त्याने भागले नाही तर मॉर्फिनपेक्षा फेंटानिलची पट्टी अशा रुग्णात सुरक्षित असते. पायांची आग होते म्हणून दिलेले गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन अगदी कमी मात्रेत, डायलिसिसनंतर घ्यावे. ते अंगात साठले की रुग्ण झोपून राहतो आणि हातपाय झटकतो. दबलेल्या मणक्यावर थोडे रेडिएशन दिल्यास पुष्कळ आराम पडतो. पायातली ताकद एकाएकी कमी झाली किंवा लघवी-संडासचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी नागपूर गाठावे.

ताट आणि तांब्या

पाण्याचे मोजमाप सर्वसाधारणपणे असे धरतात : आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर. किडनी सुधारण्याची आशा असलेल्या मायलोमाच्या रुग्णाला डॉक्टर यापेक्षा जास्त पाणी सांगू शकतात, म्हणून शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाचे माप आपल्याला लावू नये. उन्हाळ्यात सकाळीच दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून ठेवावे. चहा, ताक, वरणाचे पाणी त्यातूनच वजा करावे. स्टिरॉइडने तहान आणि साखर दोन्ही वाढतात, त्यामुळे साखर तपासल्याशिवाय नुसते पाणी रोखून काही साधत नाही. मधुमेहाच्या रुग्णात किडनी बंद असल्याने इन्सुलिन जास्त वेळ टिकते, हेही ध्यानात असावे.

ज्वारीची भाकर, भात, अंडे, बेताचे तुरीचे वरण चालते. केमोत प्रथिन कमी पडू देऊ नये. संत्री, मोसंबी, केळी, नारळपाणी आणि गुळाचा चहा यांत पोटॅशियम असते. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक नेमकी संत्र्यांची पिशवीच आणतो, आणि ती नाकारणे विदर्भात अवघड आहे. पिशवी घ्यावी, लेकरांना द्यावी. पालेभाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून शिजवावी. बाजारात मिळणारे कमरख कधीही देऊ नये; डायलिसिसच्या रुग्णात ते मेंदूवर विषासारखे काम करते, उचकी आणि मग झटके येतात. गुळवेल, काढे, भस्मे आणि झाडपाला यांबद्दलही माझे मत ठाम आहे : या काळात नकोत.

उपचार लागू पडतो आहे का, हे कसे कळते

दोन गोष्टी पाहाव्यात : महिन्याला फ्री लाइट चेन आणि रोजची लघवी. प्लास्टिकच्या मापाच्या डब्यात चोवीस तासांची लघवी मोजून वहीत लिहावी. लाइट चेन पहिल्या तीन-चार आठवड्यांत वेगाने खाली आल्या तर किडनी परत येण्याची आशा धरता येते. फ्रान्समध्ये बोर्टेझोमिब घेणाऱ्या, डायलिसिसवरील मायलोमाच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खास फिल्टर वापरलेल्या गटातले सुमारे ४१ टक्के आणि साध्या फिल्टरच्या गटातले सुमारे ३३ टक्के रुग्ण तीन महिन्यांत डायलिसिसमधून सुटले, आणि हा फरक निर्णायक ठरला नाही. म्हणजे आपल्या तालुक्याच्या साध्या मशीनवरचा रुग्णही यात मागे पडत नाही. गरज आहे ती कर्करोगाचे औषध लवकर सुरू होण्याची. किडनी परत आली नाही तरी आजार आटोक्यात राहून माणूस वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू शकतो. निवडक रुग्णांत केमोची मात्रा कमी करून मज्जा प्रत्यारोपणही होते.

कधी उपचार लागू पडत नाहीत. माणूस थकतो आणि "आता नको" म्हणतो. ते ऐकून घ्यावे, रुग्णासमोर डॉक्टरांशी बोलावे, आणि औषधे थांबवली तरी दुखणे, धाप आणि मळमळ यांवरचे उपचार थांबवू नयेत. घर सोडून शेवटचे दिवस अतिदक्षता विभागात काढायचे की नाहीत, हा निर्णय घेण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे.

काकांच्या वहीत पहिल्या पानावर लघवी दीडशे मिलिलिटर आहे. दहाव्या आठवड्यात ती बाराशे आहे आणि डायलिसिसआधीचे क्रिएटिनिन दर खेपेला थोडे कमी होत गेले आहे. अशा वेळी डायलिसिस स्वतःहून बंद करू नये. आकडे किडनीच्या डॉक्टरांना दाखवावेत; ते आधी आठवड्यातून दोन, मग एक असे कमी करतात आणि पोटॅशियम पाहून मग थांबवतात. पर्मकॅथ गरज संपल्यावर लवकर काढून घ्यावा, फिस्टुला मात्र राहू द्यावा, आणि त्या हातावर कापसाचे गाठोडे पुन्हा कधी घेऊ नये.